कापसाच्या खोलीतली अंतराळवीर

फोन आला तेव्हा काट्यावर गाडी उभी होती. मलकापूरजवळच्या एका जिनिंगमध्ये मी एकवीस वर्षे वजनकाट्यावर काम करतो. कापसाची गाडी भरलेली येते तेव्हा एक आकडा, रिकामी होऊन जाते तेव्हा दुसरा. वजाबाकी करायची, सही करायची, पुढची गाडी घ्यायची. त्या सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मोबाइलवर ताईचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच मला कळलं. तरी मी आधी आकडा लिहिला. चार हजार तीनशे वीस. परत एकदा काट्याकडे पाहून तो बरोबर असल्याची खात्री केली आणि मग फोन घेतला. मी विचारलं, "किती वाजता?" ती म्हणाली, "नऊ वीसले." सख्ख्या बहिणीची पोटची पोर गेली आणि मी पहिला प्रश्न वेळेचा विचारला. याची मला अजून लाज वाटते. पण पल्लवी असती तर तिने मला सांभाळून घेतलं असतं. म्हणाली असती, "बरोबर विचारलं मामानं. वेळ लिहाच लागते."

पल्लवी माझी भाची. वय चोवीस वर्षे चार महिने. वडील देऊळगाव राजाला एसटीत वाहक, आई, म्हणजे माझी ताई, घरीच शिवणकाम करते. पल्लवीने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि तिला अंतराळात जायचं होतं. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येणारं हसू मला पाठ झालं आहे. एका लग्नात आमच्या मावशीने भर पंगतीत तिला विचारलं, "काय वं पल्लवी, इथले स्थळं सरले म्हणून आता वरतं पाहून राह्यली काय?" ही पोळी मोडता मोडता म्हणाली, "हाव ना आजी. तिथं सासू नाही म्हणते." सगळी पंगत हसली, तीही हसली. मी शेजारीच बसलो होतो. हळूच विचारलं, "खरंच सांग, तुहा नंबर लागायची शक्यता किती?" ती म्हणाली, "जवळपास शून्य." मी म्हटलं, "मंग?" तर म्हणाली, "जवळपास शून्य अन् शून्य यातला फरक तुम्हाले सांगू काय मामा? तुम्हीच त दहा किलोसाठी गाडी परत काट्यावर घेता."

या जवळपास शून्यासाठी ती रोज धावायची, पोहायला शिकली, रशियन भाषेची अक्षरं गिरवायची. आणि शाळाशाळांतून हिंडायची. वडिलांच्या नोकरीमुळे प्रवासाचा पास होता, त्याचा तिने पुरेपूर उपयोग केला. देऊळगाव राजापासून वर सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोदपर्यंत सत्तेचाळीस शाळा झाल्या; यादी माझ्याकडे आहे. एक कापडी पिशवी, त्यात पृथ्वीगोल, सायकलचा पंप, दोन फुगे आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. बोलून झालं की डबा फिरवायचा. ज्यांना उभं राहून विचारायची लाज वाटते त्यांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा, खाली नाव आणि शाळा लिहायची. उत्तर पत्राने येणार. पण एक प्रश्न कोणालाच चिठ्ठीवर लिहावा लागत नसे. प्रत्येक शाळेत पहिला हात त्याचाच. "ताई, वरतं संडासले कसं जातेत?" गुरुजी डोळे वटारत, पोट्टे खिदळत, आणि ही खडू घेऊन फळ्यावर आकृती काढायला लागे. हवा कशी ओढून घेते, पट्टा कुठे बांधतात, सगळं. हसणं दोन मिनिटांत थांबायचं. मग खरे प्रश्न सुरू व्हायचे.

एकदा तिने एका शाळेचा अख्खा वर्ग माझ्या काट्यावर आणला. एकतीस मुलं दप्तरं खाली ठेवून काट्यावर उभी केली. आठशे सत्तर किलो. "भागिले सहा करा," ती ओरडली. कोणीतरी ओरडलं, "एकशे पंचेचाळीस!" "हे तुमचं चंद्रावरचं वजन." मुलं नाचायला लागली, काट्यावरचा आकडाही नाचायला लागला. मग ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पण वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू असते ना, तो चंद्रावरही खरं सांगन. आमच्या मामाचा हा काटा तिथं खोटं बोलन." मला राग आला. म्हटलं, "माहा काटा खोटं बोलत नाही. दरवर्षी तपासून शिक्का मारतेत." ती म्हणाली, "काट्याचा दोष नाही मामा. तो त्याच्यावर पडलेला भार सांगते. आतमधी किती जीव हाये ते त्याले काय ठाऊक?" पोरं हसली म्हणून मीही हसलो. घरी येऊन त्यावर बराच विचार केला. तिचं बरोबर होतं.

आता खोलीचं सांगतो. डोंगरातल्या एका थंड वाळवंटात एक शिबिर भरतं, असं तिने मला समजावलं होतं. तिथे एका बंद घरात काही आठवडे अंतराळवीरांसारखं राहायचं. पाणी मोजून, अन्न मोजून, बाहेरच्या जगाशी बोलणं ठरल्या वेळीच. तिला त्यासाठी अर्ज करायचा होता आणि असं एकटं राहण्याचा काही पूर्वानुभव आहे का, हा रकाना तिला कोरा सोडायचा नव्हता. फाल्गुनात तिचा फोन आला. "मामा, तुमची कापसाची खोली कधी रिकामी होते?" आमच्याकडे घरातली एक खोली कापसासाठी असते. वेचणी सुरू झाली की ती भरत जाते आणि कापूस विकला की एकदम मोकळी होते. आमची खोली अकरा फूट बाय नऊ फूट, ओसरीकडे गजांची एक खिडकी, मागे लागून न्हाणी आणि संडास. पल्लवी आली, तिने खोली झाडली, खिडकीवर आतून चादर टांगली आणि मला एक वही दिली. चौदा दिवस ती आत राहणार होती. दिवसाला पंधरा लिटर पाणी, सगळ्याला मिळून. खायला सातूचं पीठ, फुटाणे, खारका आणि विजेच्या किटलीत शिजेल तेवढीच खिचडी. मी जमिनीवरचा नियंत्रण कक्ष. रोज सकाळी आठला आणि दुपारी चारला तिच्याकडून चिठ्ठी येणार, मी उत्तर देणार आणि दोन्ही वहीत उतरवून ठेवणार. पण चिठ्ठी हातात पडल्यावर दहा मिनिटं थांबून मगच वाचायची. मंगळावरचा निरोप पोचायला तेवढा वेळ लागू शकतो म्हणून. तिच्याकडेही तोच नियम.

हा नियम माझ्या बायकोला कधीच पटला नाही. पहिल्याच दिवशी ती खिडकीशी जाऊन म्हणाली, "पल्लवी, बरी हायेस ना वं?" आतून आवाज नाही. "पल्लवी? बोल ना!" आवाज नाही. ही घाबरून माझ्याकडे धावली, "अहो, पोरगी बोलून नाही राह्यली!" मी घड्याळ दाखवलं. बरोबर दहा मिनिटांनी आतून आवाज आला, "बरी हाये मामी. काळजी नका करू." तोवर हिचा जीव अर्धा झाला होता. म्हणाली, "असं बोलत असतीन तिथले लोकं, त आग लागो तुमच्या मंगळाले."

चौथ्या दिवशी दुपारी गावचे पोलीस पाटील आले. चांगले गृहस्थ आहेत, बसले, पाणी घेतलं, मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "भाऊ, गावात बोलून राह्यले लोकं. तुम्ही बहिणीच्या पोरीले कोंडून ठेवलं म्हणते. पोराबिराची भानगड असन त सांगा, बसून मिटवू. पण असं कोंडणं बरं नाही." मी त्यांना वही दाखवली. पाणी, तापमान, नाडीचे ठोके, झोपेचे तास. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "हे त आणखीनच वाईट दिसते." शेवटी मी त्यांचा प्रश्न चिठ्ठीवर लिहून आत सरकवला. ते दहा अधिक दहा अशी वीस मिनिटं टोपी धरून बसून राहिले. उत्तर आलं : 'काका, मी माझ्या मर्जीने आहे. मंगळावर पोराबिराची भानगड नाही. बाहेर तापमान किती आहे? मामांचा तापमापक उन्हात टांगलेला आहे असा मला संशय आहे.' पाटलांनी उठून पाहिलं. तापमापकावर खरंच ऊन येत होतं. त्यांनी तो स्वतःच्या हाताने काढून सावलीत टांगला. त्यानंतर रोज यायचे, आकडा पाहून जायचे.

अकराव्या दिवशी ताईचा फोन आला. देऊळगाव राजाला पल्लवीच्या आजीला, भाऊजींच्या आईला, अर्धांगाचा झटका आला होता. जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं. ताई पोटापाण्यासाठी मशीनवर बसायची तेव्हा पल्लवीला आजीनेच वाढवलं. ताई म्हणाली, "पल्लवीले सांगू नको. तीन दिवस राह्यले तिचे. आपण सांगितलं त ती निंघते अन् सारं वाया जाते. म्हातारी बरी व्हईन." भाऊजींनीही फोन घेतला : "तिला काही कळू देऊ नका." आपल्याकडे हे असंच असतं. जो दूर आहे, ज्याची परीक्षा आहे, जो आजारी आहे, त्याला सांगायचं नाही. त्यात कोणाच्या मनात पाप नसतं. पल्लवीच्या चारच्या चिठ्ठीत रोज शेवटचा प्रश्न ठरलेला होता : 'जमिनीवर सगळं ठीक?' मी अकराव्या दिवशी लिहिलं, 'ठीक.' बाराव्या दिवशी लिहिलं, 'ठीक.' तेराव्या दिवशी पहाटे आजी गेल्या, दुपारपर्यंत सगळं उरकलं. चारच्या चिठ्ठीला मी दहा मिनिटं थांबून उत्तर दिलं. 'ठीक.'

चौदाव्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा ओसरीवर वीसेक माणसं होती, पाटील होते, शाळेतली मुलं होती. तिचं वजन दीड किलो कमी झालं होतं आणि चेहरा उजळला होता. मुलं पांगल्यावर मी तिला सांगितलं. ती ओसरीच्या पायरीवर बसली. मग उठून वही आणली, लाल पेनाने तीन वेळा लिहिलेलं 'ठीक' खोडलं, अगदी सरळ रेघ मारून, आणि वही माझ्या मांडीवर ठेवली.

"मामा, काट्यावर गाडी येते. ड्रायव्हर म्हणते, मालकाले वाईट वाटन, दहा किलो जास्त लिहा. लिहता काय?"

"नाही."

"मंग माह्याच गाडीले काऊन लिहलं?"

ती रडत होती, पण आवाज चढला नव्हता. म्हणाली, "आजीसाठी निंघाचं की नाही, ते मी ठरवलं असतं. कदाचित नसती निंघाली. पण ठरवणं माह्यं होतं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की यापुढे तिला कधीही खोटा आकडा सांगणार नाही. आयुष्यात मी फार शब्द दिलेले नाहीत. हा दिला तेव्हा तो कुठे पाळावा लागेल याची मला कल्पना नव्हती.

पुढच्या वर्षी श्रावणात शिबिराचं पत्र आलं. तिची निवड झाली होती. माघात जायचं होतं. पत्र आलं त्याच महिन्यात तिच्या अंगावर निळे डाग दिसू लागले, ताप हटेना. चिखलीला रक्त तपासलं, तिथून संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रक्ताचा कर्करोग. पुढचे तीन महिने मी लिहीत नाही. ज्यांनी ते काढले आहेत त्यांना सांगायची गरज नाही आणि इतरांना सांगून कळणार नाही. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. ताई तिच्याजवळ असायची. दुपारी चार ते पाच या वेळात ताईला जेवायला, जरा आडवं व्हायला मिळावं म्हणून मी तोंडाला मास्क लावून आत बसायचो. दिवाळीनंतर जिनिंगचा ऐन हंगाम असूनही मी रजा काढली होती. चार वाजता आत गेलो की ती विचारायची, "आकडे?" पांढऱ्या पेशी इतक्या, प्लेटलेट इतक्या, ताप इतका. कागदावरून वाचून दाखवायचो. घसरले तर घसरले सांगायचो. ती मान हलवायची.

मग एका दुपारी डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बोलावलं. औषधाने काम केलेलं नव्हतं. आता पुढे करण्यासारखं काही नाही, आठ-दहा दिवस, फार तर पंधरा. बाहेर आल्यावर भाऊजी माझा हात घट्ट पकडून म्हणाले, "भाऊ, तिला सांगायचं नाही. ती आशेवर आहे. तेवढी आशा राहू द्या तिची." मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. घड्याळात चारला पाच कमी होते. त्या पाच मिनिटांत मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आलो. बापाचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मला कळत होतं. तिने विचारलंच नाही तर बरं, असंही वाटत होतं. आत गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आकडे विचारले नाहीत. म्हणाली, "मामा, जमिनीवर सगळं ठीक?"

मी म्हणालो, "नाही." आणि सांगितलं. डॉक्टरांचे शब्द होते तेच, न वाढवता, न कमी करता.

तिने डोळे मिटले. म्हणाली, "दहा मिनिटं बाहेर थांबता काय?" मी थांबलो. दार पूर्ण लागत नव्हतं. मला ऐकू येत होतं. दहा मिनिटांनी तिने हाक मारली. चेहरा पुसलेला होता. म्हणाली, "माघ त हुकला मग... बरं, डबा आणला होता ना आपण?" पलंगाखाली तो बिस्किटाचा डबा होता, आजारपणामुळे उत्तरं राहून गेलेल्या चिठ्ठ्या त्यात साचल्या होत्या. मोजल्या तर शहाण्णव निघाल्या. "दिवसाले आठ धरले त बारा दिवस," ती म्हणाली. "लिहा."

त्या बारा दिवसांत तिने सांगितलं आणि मी लिहिलं. अवकाशात मेणबत्ती कशी जळते, अंतराळवीरांची नखं वाढतात का, सूर्य विझला तर आपल्याला किती वेळाने कळेल. काही दिवशी बारा उत्तरं व्हायची, काही दिवशी एक. दम लागला की थांबायची, मग म्हणायची, "कुठंसा होतो आपण?" प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच ओळ असायची : 'उशीर झाला, राग मानू नकोस. यापुढचे प्रश्न मला पाठवू नकोस, तुझ्या सरांना विचार. त्यांना आलं नाही तर दोघं मिळून शोधा.' पहिल्या दिवशी ती ओळ लिहिताना माझा हात थांबला, तर म्हणाली, "लिहा मामा. नाहीतर पोट्टे वाट पाहतीन."

तिने मला आणखी एक सांगितलं. "बाबाले हे माहीत नको, मले माहीत हाये म्हणून." मी म्हटलं, "तूच त म्हणते ना, खरा आकडा पाह्यजे?" ती थोडी हसली. "मी मागितला म्हणून तुम्ही देल्ला. बाबानं मागितला त त्यायलेही द्या. पण मागतल्याशिवाय देऊ नका. त्यायले अजून लय दिवस काढाचे हायेत." बाराव्या दिवसानंतर मला कामावर परतणं भाग होतं. मी निघताना ती म्हणाली, "काटा पाहून लिहजा." दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

तेरवीला भाऊजी माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "एकच समाधान आहे भाऊ. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. हसत होती माझ्याशी." त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी डबा आणि लिहिलेली पत्रं माझ्या घरी आणून कापसाच्या खोलीत फळीवर ठेवली. शहाण्णवपैकी एकाहत्तर झाली होती. ती टाकायला मी पोस्टापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. ती ओळ एकाहत्तर घरांत वाचली जाणार, कोणा मास्तरांकडून, कोणा प्रवाशाकडून एसटीतच भाऊजींच्या कानावर जाणार, आणि मागितल्याशिवाय त्यांच्या हातात आकडा पडणार. न टाकावीत तर तिकडे मुलं वाट पाहत असणार. पाच आठवडे हे असं चाललं. या पाच आठवड्यांत मला तिची जी आठवण येत राहिली ती मोठ्या प्रसंगांची नव्हती. कामावर आता चार वाजले की कोणी काही विचारत नाही. गाड्या येतात, मी लिहितो. कधी एखादी रिकामी गाडी काट्यावरून उतरते, आकडे उलटे धावत शून्यावर येतात, आणि वाटतं, आता कोणीतरी म्हणावं, मामा, जवळपास शून्य... कोणी म्हणत नाही. तिच्या आवाजातली एकही ध्वनिफीत माझ्याकडे नाही. वही आहे, चिठ्ठ्या आहेत, अक्षर आहे. आवाज टिपून ठेवावा हे मला सुचलंच नाही; मी फक्त आकडे टिपले.

मागच्या रविवारी भाऊजी तिची वही न्यायला म्हणून आले. मी शेतात होतो. परत आलो तर बायको दारातच म्हणाली, "भाऊजी कापसाच्या खोलीत हायेत. कवाचे. चहाले बलावलं त आले नाही." यंदाचा कापूस अर्ध्या खोलीत आहे. त्या ढिगाला पाठ लावून भाऊजी जमिनीवर बसले होते आणि त्यांच्याभोवती पत्रं पसरलेली होती.

"हे अक्षर तुमचं," ते म्हणाले.

"हो."

"ही खालची ओळ. सगळ्यांत आहे. ही तुम्ही घातली का तिनं सांगितली?"

त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, "तिनं सांगितली. तिला सगळं माहीत होतं. बारा दिवस. मीच सांगितलं होतं, तुम्ही नको म्हणाल्यावरही."

मला वाटलं ते उठून जातील. तसं झालं असतं तरी मी अडवलं नसतं. ते कापसात मागे टेकले. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. मग म्हणाले, "रोज मला म्हणायची, बाबा, रजा संपवू नका. माघात मला सोडायला यायचंय तुम्हाला, तेव्हा लागतील. मी ठेवल्या ना भाऊ... नऊ दिवस आहेत अजून शिल्लक."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो.

"रडली का?" त्यांनी विचारलं.

"हो. मला बाहेर थांबायला सांगितलं होतं."

"आणि मग?"

"मग ही पत्रं."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला आणि एक एक पत्र उचलायला लागले. शाळेचं नाव वाचायचं, क्षणभर थांबायचं आणि ठेवायचं. आधी मला कळलं नाही. मग लक्षात आलं, ते एसटीच्या गाड्यांप्रमाणे लावत होते. चिखलीची, मेहकरची, मोताळ्याची, संग्रामपूरची, जळगाव जामोदला मुक्कामी जाणारी. "पोस्टानं नको," ते म्हणाले. "सगळे वाहक ओळखीचे आहेत. हातात देतील." एकाहत्तर पत्रांचे पाच गठ्ठे झाले. उरलेल्या पंचवीस चिठ्ठ्या त्यांनी हातात घेतल्या. "यांचं काय?"

"राहिल्या."

त्यांनी वरची एक वाचली. मोताळ्याकडच्या शाळेतली, सातवीतल्या मुलीची. 'ताई, वर गेल्यावर घरची आठवण आली तर अंतराळवीर काय करतात?' ती चिठ्ठी पल्लवीने दोनदा हातात घेतली होती आणि दोन्ही वेळा म्हणाली होती, हे उद्या.

भाऊजींनी ती माझ्यापुढे धरली. "येतं का तुम्हाला याचं उत्तर?"

"नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "मग तसंच लिहा. पोरगी वाट पाहत असेल."

मी खिशातला पेन काढला, मांडीवर वही, वहीवर कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'आम्हाला माहीत नाही.' खाली दोघांनी सह्या केल्या. भाऊजींनी शाई वाळेपर्यंत कागद धरला, घडी घातली आणि मोताळ्याच्या गठ्ठ्यात सारला.